मन कोसळते तेव्हा हाक कुणाला मारावी?

घरातील कर्त्या माणसाच्या छातीत मध्यरात्री कळ आली तर काय करायचे, हे आज खेड्यापाड्यांतही ठाऊक असते. शेजारी धावून येतात, कुणी १०८ क्रमांक फिरवतो, कुणी गाडी काढतो. साप चावला, तरी रुग्णाला कुठे न्यायचे यावर फारसा वाद होत नाही. मात्र त्याच घरातील तरुण मुलगा तीन रात्री झोपलेला नसेल, 'आता जगण्यात अर्थ नाही' असे पुटपुटत असेल किंवा आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे म्हणून दार लावून बसला असेल, तर घरातील सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. खिडक्या लावल्या जातात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आवाज खाली येतो आणि 'सकाळ होऊ दे, मग बघू' असे म्हणत रात्र काढली जाते. मनाच्या आजारात अनेकदा हीच रात्र सर्वाधिक धोक्याची असते.

मानसिक संकटाच्या प्रसंगी मदत मिळतच नाही, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती पूर्णतः खरी नाही. गेल्या काही वर्षांत कायदा बदलला, दूरध्वनीवरून चोवीस तास सल्ला मिळण्याची सोय झाली, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग सुरू झाले. या सोयी अपुऱ्या आहेत. परंतु ज्या आहेत त्यांचीही माहिती गरजेच्या वेळी घरात नसते. त्यामुळेच संकट ओळखायचे कसे, पहिल्या काही तासांत काय करायचे, कुठे जायचे आणि कायदा काय सांगतो, हे आधीच समजून घेणे अगत्याचे ठरते.

आकडे काय सांगतात?

बंगळुरू येथील 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही त्यातील निष्कर्ष इथल्या परिस्थितीवर प्रकाश टाकणारे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २२ हजार ७४६ महाराष्ट्रातील होते. त्या वर्षी कोणत्याही राज्यातील ही सर्वाधिक संख्या होती. देशपातळीवर नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक समस्यांचा वाटा ३१.७ टक्के आणि आजारपणाचा १८.४ टक्के होता. अर्थात, पोलिसांच्या नोंदीत एकच कारण लिहिले जाते. प्रत्यक्षात कर्ज, आजारपण, घरातील बेबनाव, व्यसन आणि निदान न झालेले नैराश्य यांची गुंतागुंत एकाच माणसाच्या आयुष्यात झालेली असते.

मनुष्यबळाची स्थितीही चिंताजनक आहे. दर लाख लोकसंख्येमागे किमान तीन मानसोपचारतज्ज्ञ असावेत असे मानले जाते. भारतात हे प्रमाण ०.७५ असल्याचे संसदेच्या स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालातही नमूद आहे. जे तज्ज्ञ आहेत, तेही प्रामुख्याने शहरांत एकवटलेले आहेत.

संकट कशाला म्हणायचे?

दुःख, चिंता, राग, निराशा या प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या भावना आहेत. त्यांना लगेच आजार म्हणण्याचे कारण नाही. परंतु माणूस स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला अपाय करण्याची शक्यता निर्माण होते अथवा त्याचा वास्तवाशी संबंध सुटू लागतो, तेव्हा ती तातडीची वैद्यकीय अवस्था असते.

आत्महत्येचा विचार करणारी व्यक्ती बहुधा काही ना काही सूचना देत असते. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो', 'मी नसल्यावर तुम्ही सुखी व्हाल' अशी वाक्ये बोलण्यात येऊ लागतात. कागदपत्रे, बँकेची पुस्तके यांची अचानक आवराआवर होते, आवडत्या वस्तू वाटून टाकल्या जातात, नातलगांना निरोप घेतल्यासारखे दूरध्वनी केले जातात. पुष्कळ दिवसांच्या अस्वस्थतेनंतर माणूस एकाएकी शांत दिसू लागला, तर घरच्यांना हायसे वाटते. ही शांतता नेहमीच सुधारणेची खूण असते असे नाही. कधीकधी मनाशी निर्णय झाल्याचीही ती असू शकते. 'जो बोलतो तो करत नाही' ही समजूत तर निखालस चुकीची आहे.

दुसरा प्रकार भ्रम आणि भास यांचा. कानात आवाज येणे, कुणीतरी विष घालत असल्याची खात्री वाटणे, रात्रंदिवस न झोपता अखंड बोलत राहणे, ऐपतीबाहेरची खरेदी किंवा देवघेव करणे ही त्याची लक्षणे होत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एखादी स्त्री असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर 'बाहेरची बाधा' म्हणून ती घरात दडवून ठेवण्याची गोष्ट नाही. ही माता आणि बाळ या दोघांच्याही दृष्टीने गंभीर अवस्था असून त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. योग्य उपचारांनी अशा बहुसंख्य स्त्रिया पूर्ववत होतात.

काही वेळा जे वेड वाटते, ते शरीराचे दुखणे असते. वयस्कर व्यक्ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळल्यासारखी बोलू लागली, माणसे ओळखेनाशी झाली, तर त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे, औषधांचा दुष्परिणाम अशी कारणे असू शकतात. नेहमी भरपूर मद्यपान करणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके सुरू होऊ शकतात. त्याला खोलीत कोंडून 'उतरेल आपोआप' म्हणणे जिवावर बेतू शकते. अशा रुग्णांना आधी साध्या रुग्णालयाच्या अपघात विभागातच न्यावे लागते.

छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणे आणि 'आता मी मरणार' ही भीती घेऊन येणारा घबराटीचा झटका हा त्या मानाने निरुपद्रवी असतो. तो बहुधा काही मिनिटांत कळसाला पोहोचून ओसरतो. मात्र अशी लक्षणे पहिल्यांदाच दिसत असतील, तर हृदयविकार नाही ना, याची तपासणी आधी करून घेणे शहाणपणाचे.

पहिला तास

संकटात सापडलेल्या माणसाजवळ त्या क्षणी कुणी मानसोपचारतज्ज्ञ नसतो. असते ती पत्नी, बहीण, मित्र, वसतिगृहातील खोलीतला सोबती किंवा शेजारच्या काकू. पहिला तास त्यांच्याच हाती असतो आणि त्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे एकटे सोडू नये. दुसरी म्हणजे ऐकून घ्यावे. 'एवढे काय झाले?', 'लोकांना केवढी मोठी दुःखे असतात', 'मन घट्ट कर', 'आमच्या वेळी असली थेरे नव्हती' ही वाक्ये धीर देण्यासाठी उच्चारली जातात. पण ऐकणाऱ्याला त्यांतून एवढेच कळते की, आपले म्हणणे इथे कुणाला समजणार नाही. त्याऐवजी 'तुला फार त्रास होतोय हे दिसतंय, मी इथेच बसलो आहे, सांग' इतके म्हणणे पुरेसे असते. उपदेश, वाद, देवाची शपथ, मुलाबाळांची आण यांतून अपराधीपणाच वाढतो.

तिसरी गोष्ट अनेकांना अवघड वाटते. ती म्हणजे सरळ विचारणे. 'तुझ्या मनात मरून जावे असे विचार येतात का?' असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार असल्याचे आजवरच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. उलट, ज्या ओझ्याबद्दल कुणाशीच बोलता येत नव्हते त्याचे नाव दुसऱ्याने घेतल्यामुळे पुष्कळांना मोकळे वाटते. उत्तर 'हो' असे आले तर घाबरून जाऊ नये, रागावू नये आणि 'कुणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. 'हे आपण दोघांनीच पेलायचे नाही, मदत घेऊ' असे सांगावे.

चौथी गोष्ट म्हणजे घातक वस्तू हाताशी राहू न देणे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी ही बहुतेकदा लाटेसारखी असते. ती चढते आणि ओसरतेही. त्या अवधीत साधन हाती लागले नाही, तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. शेतकरी कुटुंबांत कीटकनाशके राहत्या घरात न ठेवता कुलूपबंद आणि शक्यतो दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे, घरातील औषधांचा साठा एका जबाबदार व्यक्तीकडे देणे, हे साधे उपाय आहेत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. त्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ ते २०१५ या काळात सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि अंदाजे ९३ हजार जीव वाचले. साधन दूर गेले म्हणून माणसाने हटकून दुसरे शोधले, असे तिथे घडले नाही.

दूरध्वनीच्या पलीकडे कोण असते?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर देशातून कुठूनही, दिवसा वा रात्री, विनाशुल्क दूरध्वनी करता येतो. वीस भाषांत चालणाऱ्या या सेवेत मराठीचाही पर्याय आहे. 'निम्हान्स' ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. २०२५ पर्यंत या सेवेकडे वीस लाखांहून अधिक दूरध्वनी आले.

दूरध्वनी लागल्यावर भाषा निवडायची असते. त्यानंतर राज्याच्या केंद्रातील प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्रास काय आहे, कधीपासून आहे, झोप-जेवण कसे आहे, याआधी उपचार झाले आहेत का, स्वतःला इजा करण्याचा विचार आहे का, या क्षणी जवळ कुणी आहे का, असे प्रश्न विचारले जातात. प्रश्न खासगी वाटले, तरी धोका किती आहे याचा अंदाज त्यांतूनच येतो. पुष्कळांचे काम या संभाषणावरच भागते. ज्यांना अधिक गरज असेल त्यांना तज्ज्ञांशी जोडून दिले जाते किंवा जवळच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे अथवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या सेवेचे मोबाइल अॅपही आले. दूरध्वनी रुग्णानेच केला पाहिजे असे नाही; 'माझ्या भावाचे असे होते आहे, मी काय करू?' असे विचारणाऱ्या नातलगालाही मार्गदर्शन मिळते.

या सोयीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. समुपदेशक हा दूरध्वनीवरचा आधार असतो. तो घरी येऊ शकत नाही. माणसाने स्वतःला इजा करून घेतली असेल, विषारी पदार्थ वा जास्त गोळ्या घेतल्या असतील, तो हिंसक झाला असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर समुपदेशनात वेळ न घालवता १०८ वर रुग्णवाहिका अथवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागावी. गोळ्या घेऊनही माणूस व्यवस्थित बोलतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये; काही औषधांचे परिणाम उशिराने दिसतात. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. याखेरीज मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल', पुण्यातील 'कनेक्टिंग' यांसारख्या संस्थांच्या सेवाही आहेत. त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात.

रुग्णालय आणि पोलिसांची भीती

'आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे पोलीस केस' या धास्तीने अनेक कुटुंबे रुग्णालयाची पायरी चढायला कचरतात, खोटे कारण सांगतात आणि डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाया जातो. ही धास्ती एकेकाळी खरी होती. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच, मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला. मात्र १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरवला आणि कलम कायम राहिले.

परिस्थिती बदलली ती मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मुळे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला चालवू नये, शिक्षा देऊ नये, असे सांगितले. इतकेच नव्हे, तर अशा व्यक्तीला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखे सरसकट कलमच उरले नाही. एखाद्या लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, एवढाच मर्यादित गुन्हा तिच्या २२६ व्या कलमात आहे. रुग्णालयाकडून अशा घटनेची माहिती पोलिसांना कळवली जाऊ शकते, जबाबही घेतला जाऊ शकतो. परंतु त्या भीतीपोटी उपचार लांबवण्याचे काहीच कारण नाही. डॉक्टरांना खरे काय ते लगेच सांगणे, हाच रुग्णाच्या हिताचा मार्ग होय.

तातडीच्या वेळी मनोरुग्णालयच शोधत बसण्याची गरज नसते. कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार जिवाला धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या संमतीने, तो उपलब्ध असल्यास, आपत्कालीन उपचार सुरू करू शकतो. ही मुभा ७२ तासांपुरती किंवा रुग्णाची मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत असते. या तातडीच्या उपचारांत विजेचे झटके देता येत नाहीत. भूल न देता असे झटके देण्यास आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास तर कायद्याने पूर्ण मनाई आहे.

भरती केले म्हणजे माणूस आत अडकला, हाही गैरसमज आहे. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाला आपल्या इच्छेने घरी जाता येते. फार तर पुनर्तपासणीसाठी त्याला २४ तास थांबवून घेता येते. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. अशा प्रवेशाची माहिती सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे काम आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

महाराष्ट्रात पुण्यातील येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मात्र प्रत्येक रुग्णाला तिथवर जावे लागत नाही. जिल्हा रुग्णालये व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील मानसोपचार विभागांत बाह्यरुग्ण तपासणी होते, औषधेही मिळतात. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्था हे काम करते. दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर व्यक्तींना सरकारी संस्थांत मोफत उपचार मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड हाती असलेच पाहिजे, अशीही अट नाही.

देवऋषी, दर्गा आणि दवाखाना

ग्रामीण भागात मानसिक आजाराच्या रुग्णाचा पहिला मुक्काम अनेकदा देवऋषी, भगत किंवा एखादे जागृत मानले जाणारे देवस्थान हा असतो. श्रद्धेने मनाला उभारी मिळत असेल, तर त्याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती मारहाणीला, कोंडून ठेवण्याला आणि औषधे बंद करायला लावण्याला. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्यानजीकच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. तिथे साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आले नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, चटके देणे हा गुन्हा आहे.

गावातच मदत उभी राहिली, तर लोक ती घेतात, याचा पुरावा विदर्भातच मिळाला आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' या नावाचा प्रकल्प राबवण्यात आला. गावातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी नैराश्याविषयी बोलणे, धीर देणे, गरजेनुसार समुपदेशक व डॉक्टरांकडे पाठवणे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अठरा महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. गोव्यात 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य शिक्षण असलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन दिले आणि तेही परिणामकारक ठरले. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या वाढायला हवीच. परंतु ती वाढेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची आवश्यकता नाही, हे या प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

संकट टळल्यानंतर

रुग्ण घरी परतला की सर्वांना वाटते, प्रकरण मिटले. वास्तविक, रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे पुन्हा जोखमीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील केंद्रांत केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज सुमारे तासाभराची माहितीपर भेट आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीने वा प्रत्यक्ष विचारपूस, एवढीच जोड दिली गेली. पहिल्या गटात २.२ टक्के व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला, तर दुसऱ्या गटात ०.२ टक्के. 'कसे आहात?' या प्रश्नाचे मोल याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

याच काळात 'सुरक्षा आराखडा' तयार करावा, असे तज्ज्ञ सुचवतात. तो एका कागदाचा असतो. त्रास वाढू लागल्याची आपली लक्षणे कोणती, त्या वेळी स्वतः काय करावे, कुणाकडे जाऊन बसावे, कुणाला सांगावे, कोणत्या डॉक्टरांना वा सेवेला दूरध्वनी करावा आणि घरातील कोणत्या वस्तू दूर ठेवाव्यात, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. डोके शांत असताना लिहिलेला हा कागद, ते शांत नसताना उपयोगी पडतो.

औषधांच्या बाबतीत घाई आणि धरसोड दोन्ही टाळावी. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. 'फरक पडत नाही' किंवा 'आता बरे वाटते' म्हणून ती परस्पर बंद केल्यास आजार उलटू शकतो. औषधाने सुस्ती येत असेल, वजन वाढत असेल, तर तसे डॉक्टरांना सांगून मात्रा वा औषध बदलून घेता येते.

कायद्याने रुग्णाला आणखी काही अधिकार दिले आहेत. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे प्रौढ व्यक्तीला आगाऊ निर्देश म्हणून लिहून ठेवता येते. आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमता येतो. उपचारांची माहिती गोपनीय राखणे संस्थेवर बंधनकारक आहे. मोफत कायदेविषयक साहाय्याची तरतूद आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही वैद्यकीय विमा द्यावा, असे बंधन विमा कंपन्यांवर आहे.

आधार देणाऱ्यांचा आधार

रुग्णाची काळजी वाहणारी व्यक्ती, आणि आपल्याकडे ती बहुधा घरातील स्त्री असते, स्वतः थकून जाते. नोकरी, स्वयंपाक, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणे आणि नातेवाइकांचे टोमणे हे सारे ती एकटी सोसते. अशा कुटुंबांनी एकत्र येऊन बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात रुजली आहे. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. या संस्थेच्या स्वमदत गटांत रुग्ण आणि नातेवाईक परस्परांना आधार देतात. या आजारावरील 'देवराई' (२००४) या मराठी चित्रपटाच्या निर्मितीमागेही वाणी होते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी राहिली. व्यसनाधीनतेच्या क्षेत्रात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलेले 'मुक्तांगण' आजही कार्यरत आहे. व्यसनी व्यक्तींच्या पत्नींनी आपसात बोलावे, यावर तिथे आवर्जून भर दिला जातो.

ज्याला स्वतःलाच हा त्रास होत आहे, त्याच्यासाठी सूचना अगदी थोडक्या आहेत. या क्षणी कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. एकट्याने राहू नये. घरी कुणी नसेल तर शेजारी, चहाची टपरी, बसस्थानक, जिथे माणसे असतील तिथे जाऊन बसावे. दारूला हात लावू नये, कारण तिने निराशा आणि उतावीळपणा दोन्ही वाढतात. एका माणसाला तरी स्पष्ट शब्दांत सांगावे. पहिल्या माणसाला ते समजले नाही, तर दुसऱ्याला सांगावे. दूरध्वनी पहिल्या प्रयत्नात लागला नाही, तर पुन्हा लावावा.

घरातील भिंतीवर दूधवाल्याचा, गॅस एजन्सीचा आणि वीज मंडळाचा क्रमांक लिहिलेला असतो. त्याच यादीत १४४१६, १०८ आणि ११२ हे तीन क्रमांक, जवळच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे वार आणि वेळा, तसेच मध्यरात्री हाक मारली तर येईल अशा दोन माणसांची नावे आजच लिहून ठेवायला हवीत. त्यासाठी घरात कुणी आजारी पडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.